नवी ट्यूब टाकूनही मागच्या चाकाची हवा जातेच? टायर कुणी खोलायचा ते भोक बघून ठरवा

तक्रार ओळखीची आहे. मागचा टायर गुळगुळीत झाला म्हणून नवा टाकला, सोबत ट्यूबही नवी घेतली. आठवडाभरात एका सकाळी गाडी काढायला जावं तर चाक बसलेलं. पंक्चर काढलं, चार दिवस बरे गेले, पुन्हा तेच. मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं ट्यूब डुप्लिकेट आहे, कुणी म्हणतं टायरची कंपनी बदल, आणि कुणीतरी हमखास म्हणतं की दुकानवाल्यांच्या नादी लागू नकोस, टायर घरीच बदलायला शीक.

हे शेवटचं मत मला अर्धं पटतं. घरी बदलून पैसे फारसे वाचत नाहीत, त्याचा हिशेब पुढे येईलच. पण ट्यूब बाहेर आल्यावर पहिली पाच मिनिटं जे बघायचं असतं, ते गर्दीच्या दुकानात कुणी बघत नाही. घमेल्यात बुडवली, बुडबुडा दिसला, घासलं, सोल्यूशन लावलं, ठिगळ मारलं, ट्यूब परत आत. भोक पडलं कशाने हा प्रश्न तसाच राहतो, आणि ज्याने पहिलं भोक पाडलं तोच दुसरं पाडतो.

पुढचं बहुतेक सगळं स्पोकच्या, ट्यूबवाल्या चाकांबद्दल आहे: साधी स्प्लेंडर, जुन्या बुलेट आणि क्लासिक, ४११ सीसीची हिमालयन. अलॉय आणि ट्यूबलेसवाल्यांसाठी शेवटाकडे वेगळं लिहिलंय.

आधी व्हॉल्व्ह, मग खूण, मग खोलणं

चाक काढायच्या आधी टोपण काढून व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाचं पाणी लावा. फुगा धरला तर आतली पिन सैल आहे किंवा तिचं रबर गेलंय. पिन घट्ट करायची चावी फुटकळ किमतीत मिळते. काही धातूच्या टोपणांना वरच्या टोकाला तशीच खाच असते, तिनेही काम होतं. कित्येक "रोज थोडी हवा उतरते" तक्रारी इथेच संपतात आणि टायरला हात लावावा लागत नाही.

फुगा आला नाही तर चाक खोलायचं. त्याआधी टायरच्या बाजूवर, व्हॉल्व्ह आहे तिथेच, खडूने रेघ मारा आणि चेनच्या बाजूला "च" लिहा. ट्यूब बाहेर काढली की तिच्यावरही व्हॉल्व्हपाशी चेनची बाजू कोणती ते लिहून ठेवा. हा आळस केला तर सगळा तपास फुकट. खुणा असल्या की ट्यूब फुगवून टायरच्या शेजारी तशीच धरता येते आणि ट्यूबवरचं भोक टायरच्या किंवा रिमच्या नेमक्या कुठल्या जागेसमोर होतं ते लगेच कळतं. दुकानात खोलणार असाल तरी खडू खिशात ठेवा. रेघ मारायला कुणी नाही म्हणत नाही.

भोक काय सांगतं

भोक ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे रस्त्याकडच्या बाजूला, आणि एकच टोचल्यासारखं असेल तर बाहेरून काहीतरी घुसलंय. खिळा असेल तर तो दिसतो. त्रास देतात ते न दिसणारे दोघे. पहिला बाभळीचा काटा: टायरमध्ये घुसून बाहेरून मोडतो, टोक रबराच्या आतच राहतं आणि वजन पडलं की पुन्हा डोकं काढतं. दुसरी, हायवेवर फुटलेल्या ट्रकच्या टायरमधून सांडलेली केसासारखी बारीक पोलादी तार. दोन्ही बाहेरून सापडत नाहीत. खडूच्या खुणेवरून जागा काढा, टायर त्या ठिकाणी दोन्ही हातांनी फाकवा आणि आतून कापसाचा बोळा फिरवा. कापूस अडकला की तिथे काहीतरी आहे. बोटं फिरवायची सवय असेल तर सोडा. ती तार बोटात घुसली की टायरपेक्षा जास्त वेळ तिलाच काढत बसावं लागतं. सापडलेलं टोक पकडीने आतून ओढा, ओढता येत नसेल तर बाहेरच्या बाजूने बोथट पेचकसाने ढकलून बघा.

नव्या टायरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बघा. काही टायरच्या आत कागदी किंवा प्लास्टिकचा स्टिकर चिकटवलेला असतो. बसवताना तो तसाच राहिला तर त्याची कडक कड गरम ट्यूबवर घासत राहते. अशा ठिकाणी ट्यूबवर टोचल्याची खूण नसते, खरवडल्यासारखा डाग असतो आणि त्याच्या मध्ये भोक.

भोक आतल्या अंगाला, रिमकडे असेल तर रस्त्याला दोष देणं थांबवा. रस्त्यावरची वस्तू तिथपर्यंत पोचत नाही. रिमवर, स्पोकच्या डोक्यांवरून एक रबरी पट्टी असते. ती सरकली, वाळून चिरली किंवा "कशाला पाहिजे" म्हणून काढूनच टाकली, तर ट्यूब थेट स्पोकच्या निपलवर, म्हणजे स्पोक आवळणाऱ्या नटावर बसते. नुकताच चाकाचा आउट काढून (स्पोक ताणून डगमगणारं चाक सरळ करून) घेतला असेल तर संशय आणखी पक्का: स्पोक ताणताना त्याचं टोक निपलच्या बाहेर आलेलं असतं, तेवढं कानशीने घासून सपाट करायचं राहून गेलेलं असतं. गंजलेल्या रिममध्ये सुटलेले पापुद्रेही हेच करतात. काचकागद मारा, धूळ फडक्याने पुसा, पट्टी नवी टाका. ती इतकी स्वस्त असते की जुनी परत बसवण्याचा विचारसुद्धा करू नये.

आतल्याच अंगाला पण रिमच्या कडेजवळ, बारीक कापल्यासारखी चंद्रकोर किंवा शेजारी शेजारी दोन चिरा असतील, तर ती लिव्हरची, म्हणजे टायर चढवायच्या लोखंडी पट्टीची करामत. टायर चढवताना ट्यूब लिव्हर आणि रिमच्या मध्ये चिमटली गेली. अशी ट्यूब कधी लगेच हवा सोडते, कधी चिमटा अर्धवट लागलेला असतो आणि चार-सहा दिवस चालवल्यावर तिथे फाटते. नवी ट्यूब टाकल्यावर आठवड्याच्या आत हवा गेली की माझा पहिला संशय यावरच असतो. घरी बसवलेला टायर असो नाहीतर दुकानात, घाई केली की हे दोघांकडूनही होतं.

दोन चिरा पण एकमेकींपासून लांब, ट्यूबच्या रुंदीत समोरासमोर, अशा दिसल्या तर मात्र लिव्हर निर्दोष आहे. हवा कमी, वर दोघं बसलेले आणि खड्डा. टायर दबून रिमच्या दोन्ही कडांनी ट्यूब चावली. इथे टायर कुणी बसवला हा मुद्दाच नाही, हवा कोण आणि किती दिवसांनी बघतं हा आहे.

राहिलं व्हॉल्व्हच्या बुडाचं फाटणं. हे सर्वांत चीड आणणारं, कारण त्यावर ठिगळ टिकत नाही, ट्यूब फेकावीच लागते. गाडीवर चाक असतानाच याची चाहूल लागते: व्हॉल्व्ह रिममधून सरळ न निघता एका बाजूला कललेला दिसतो. कमी हवेत ब्रेक आणि चेनच्या ओढीने टायर रिमवर थोडा थोडा सरकतो, ट्यूबला सोबत नेतो आणि व्हॉल्व्ह भोकात अडकलेलाच राहतो. त्यात रिमवरचा नट पान्याने आवळून ठेवलेला असला की व्हॉल्व्हला हलायला जागाच नाही. मी तो नट रिमला टेकवत नाही, वर टोपणापर्यंत नेऊन ठेवतो. व्हॉल्व्ह तिरका झाला की दिसतो तरी. दिसला की हवा सोडायची, टायरची कड रिममधून सोडवायची आणि टायर परत फिरवून सरळ करायचा, तेवढ्याने ट्यूब वाचते.

ट्यूबवरचं मापही वाचा. टायरच्या मापाशी ती जुळायला हवी. मोठी ट्यूब आत घडी घालून बसते आणि घडीच्या रेषेवर फाटते. जुनी ट्यूब ताणून वाढलेली असते, नव्या टायरात तिची हीच गत. म्हणून टायर नवा तर ट्यूबही नवी. इथे काटकसर नको.

मग घरी की दुकानात?

पैशाचं आधी संपवतो. आमच्या भागात सुटं चाक नेलं तर टायर खोलून बसवायचे शंभर ते दोनशे रुपये घेतात. घरी करायचं तर दोन-तीन चांगले लिव्हर, रिमवर ओरखडे पडू नयेत म्हणून गार्ड (पाण्याच्या जुन्या पाइपाचे चिरलेले तुकडेही चालतात), पिनची चावी, काटा असलेला पायपंप आणि एक्सलच्या मापाचे पाने. नीट घेतलं तर दीड-दोन हजारांच्या घरात जातं. म्हणजे वसुलीला दहा-बारा टायर बदलावे लागतील. नेहमीच्या वापरात तेवढ्यात गाडीच बदलून होते. पैसे वाचवायला म्हणून कुणी हे करू नये.

करावं ते दोन कारणांनी. एक, आपली गाडी लांब आणि आडरानात जात असेल: घाटात, स्पितीत, नाहीतर रविवारी दुपारी जिथे शटर उघडं सापडत नाही अशा कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर. हिमालयनचं मागचं १२०/९०-१७ चं चाक रस्त्याकडेला पहिल्यांदा खोलून बघण्यापेक्षा एकदा अंगणात खोललेलं बरं. दुसरं, वर लिहिलेली तपासणी. वारंवार हवा जाणाऱ्या चाकाला एकदा तरी शांतपणे उघडून बघायला हवं.

टायर बदलण्याची सगळी कृती लिहीत नाही, ती दाखवणारे व्हिडिओ ढीगभर आहेत. जिथे ट्यूब मरते त्या जागांबद्दल मात्र लिहितो.

रिमचा मधला भाग कडांपेक्षा खोल असतो, तिथला घेर कमी असतो. टायरची एक बाजू त्या खोलगट भागात उतरवली की समोरच्या बाजूला तेवढी ढील मिळते. खोलताना लिव्हर व्हॉल्व्हजवळ लावा आणि समोरची कड गुडघ्याने खोलगट भागात दाबून ठेवा. चढवताना व्हॉल्व्हच्या समोरून सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी संपवा, कारण व्हॉल्व्ह जिथे आहे तिथे टायरची कड खोल उतरूच शकत नाही. अंगाला घाम फुटण्याइतका जोर लागत असेल तर समोरची कड वर चढलेली आहे. लिव्हर ठेवा, ती परत खाली दाबा. आणखी मोठा लिव्हर आणणारे इथेच ट्यूब फाडतात.

ट्यूब आत घालण्याआधी तिला पावडर चोळा आणि आकार येईल एवढीच हवा भरा. अगदी रिकामी ट्यूब लोळागोळा होऊन लिव्हरखाली येते, जास्त भरलेली तर येतेच येते. टायरच्या कडेला साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा ऑइल अजिबात नको: रबर खातं आणि नंतर टायर रिमवर घसरतो. शेवटचा वीतभर भाग राहिला की घास लहान करा, दोन-तीन सेंटिमीटरचा, आणि लिव्हर उभा झाला की तिथेच थांबा. त्यापुढे नेलेलं टोक ट्यूबला चिमटतं. संपवण्याआधी व्हॉल्व्ह अंगठ्याने एकदा आत ढकलून परत ओढा म्हणजे त्याच्या बुडाशी ट्यूब कडेखाली अडकली असेल तर सुटते.

हवा भरा, पूर्ण सोडा, पुन्हा भरा. पहिल्या भरण्यात पडलेल्या घड्या सोडल्यावर उलगडतात. हे दुकानात जवळपास कुणीच करत नाही, आणि करायला एक मिनिट लागतं. टायरच्या बाजूला रिमलगत एक बारीक उठावाची रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एखाद्या ठिकाणी रेघ आत गेली असेल तर कड बसलेली नाही, चालवताना चाक उड्या मारेल. हवा सोडून, तिथे साबण लावून पुन्हा भरा. रेघ वर यावी म्हणून टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या पुढे हवा नेऊ नका.

चाक परत गाडीवर चढवणं हा भाग मला टायर बदलण्यापेक्षा जास्त जोखमीचा वाटतो. ट्यूब चुकली तर हवा जाते, इथे चुकलं तर ब्रेक जातो. स्प्लेंडरसारख्या गाडीत चेन आणि स्प्रॉकेट (चेनची दातेरी चकती) स्विंगआर्मवरच, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच राहतात, चाक रबरांतून उजवीकडे ओढून निघतं. एक्सल काढताना पडणारा बुश कुठल्या बाजूचा होता ते बघून ठेवा. ब्रेकच्या ड्रमप्लेटला धरून ठेवणाऱ्या पट्टीचा बोल्ट आणि त्याची पिन लागलीच पाहिजे. ती पट्टी सुटी राहिली तर ब्रेक दाबल्यावर पूर्ण ड्रमप्लेटच फिरते. एक्सल आवळण्याआधी चाक फिरवून मागचा ब्रेक दाबून धरा आणि तसाच धरून नट आवळा, म्हणजे ब्रेकचे लायनर मध्यावर बसतात. चेन ताणायच्या ॲडजस्टरच्या खुणा चाकाच्या दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का बघा. पुढे डिस्क असेल आणि पुढचं चाक काढलं असेल तर ब्रेकचा लिव्हर चुकूनही दाबू नका, पॅड मिटतात आणि डिस्क आत जात नाही. टॉर्कचा पाना (नट ठरलेल्या जोराने आवळणारा) नसेल आणि हे सगळं वाचून धाकधूक वाटत असेल, तर चाक चढवायला ओळखीच्या मेकॅनिकला बोलवा. त्यात कमीपणा काही नाही.

ट्यूबलेसवाले

तुम्ही दुकानातच जा. ट्यूबलेस टायरची कड रिमला इतकी घट्ट बसते की ती सोडवायला मशीन लागतं, आणि घरगुती जुगाडात अलॉयची कड तुटते किंवा वाकते. परत बसवताना कड एका झटक्यात वर चढावी लागते. त्यासाठी बरीच हवा एकदम आत भरावी लागते. पिशवीतला छोटा इलेक्ट्रिक पंप तिथे नुसता घूं-घूं करतो.

पण कारण घरी शोधता येतं. पूर्ण हवा भरून, चाकावर साबणाचं पाणी ओता. फेस टायरच्या मध्यात आला तर खिळा किंवा पंक्चरची जुनी पट्टी झिरपतेय. व्हॉल्व्ह बोटाने वाकवल्यावर बुडाशी आला तर व्हॉल्व्हचं रबर तडकलंय, नवा टायर टाकताना तोही बदलायला हवा होता. टायर आणि रिमच्या मधून गोलाकार आला तर खड्ड्यात अलॉयची कड दबली आहे किंवा तिथे गंजाचा पांढरट थर साचलाय. या शेवटच्या तक्रारीवर किती पट्ट्या मारल्या तरी उपयोग नाही, टायर उतरवून रिमची कड साफ करावी लागते. जागेवर खडूची खूण करा आणि दुकानात ती दाखवा. "हवा जाते" एवढंच सांगितलं तर सापडेल त्या खिळ्यावर काम होईल.

स्पोकच्या रिमवर ट्यूबलेस टायर घेतला असेल, आणि आजकाल पुष्कळदा तोच मिळतो, तर आत ट्यूब हवीच, कारण स्पोकच्या भोकांतून हवा धरली जात नाही. या टायरची कड जास्त ताठ असते, घरी चढवताना दम निघतो. पहिलाच प्रयत्न यावर करू नका.

दुकानात जाणार असाल तर

शक्यतो सकाळी जा, संध्याकाळी सात वाजता घरी निघालेल्यांच्या रांगेत नको. टायर विकत घेताना त्याच्या बाजूवरचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. टायरवर बाण असेल तर तो चाक पुढे फिरतं त्या दिशेला बसला पाहिजे, आणि रंगीत ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हपाशी. रिमवरची रबरी पट्टी नवी टाकायला सांगा. "दादा, आतून एकदा कापूस फिरवू द्या" म्हणा, आणि स्वतः फिरवा. जुनी ट्यूब मागून घ्या. ती तुमचीच आहे. काम करणारा माणूस चांगला असेल तर यातल्या कशाचाही त्याला राग येत नाही. ज्याला येतो त्याच्याकडे पुढच्या वेळी जाऊ नका.

ट्यूबमध्ये ओतायचं जेल कुणी सुचवलं तर मी नको म्हणतो. टोचलेलं भोक ते काही काळ बुजवतं, पण कापलेली ट्यूब आणि फाटलेलं व्हॉल्व्हचं बूड त्याने थांबत नाही, आणि पुढे ठिगळ लावायला गेलं की जागा चिकट मिळते. नायट्रोजनचंही तसंच. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. भोकातून दोन्ही सारखेच निघतात.

चाक चढल्यावर हवेचा दाब गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे ठेवा, टायरवर छापलेला आकडा कमाल असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवण्याआधी, स्वतःच्या काट्याने मोजा. पंपावरचे काटे एकमेकांशीही जुळत नाहीत. दोन-तीन पीएसआयचा फरक पडू शकतो, त्याहून जास्त उतरली तर आठवडाभर वाट न बघता लगेच खोला. नवा टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर निसरडा असतो, पावसाळ्यात तर वळणावर फारच, तेवढे दिवस गाडी जपून वळवा.